ताजा ट्राउट आणि कोकणी हात: नदीकाठी पहिल्यांदा मासा शिजवणाऱ्यांसाठी

माझा पहिला ट्राउट मी वाया घालवला. हिमाचलात बंजारच्या पुढे, गुशैणीजवळ तीर्थन नदीच्या काठी एका घरात उतरलो होतो. घरमालकाबरोबर दोन सकाळी गार पाण्यात पाय बधिर करून घेतले, तिसऱ्या सकाळी एक मासा लागला आणि मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रत्नागिरीचा माणूस, मला मासा कोण शिकवणार? आलं-लसणाचं वाटण, हळद, लाल तिखट, पुण्याहून बाटलीत नेलेलं आगळ, वरून रवा. तव्यात टाकल्यावर मासा धनुष्यासारखा वाकला. डोकं आणि शेपटी वर, पोटाचा मधला भाग तेवढा तव्याला टेकलेला. ताटात आला तेव्हा बाहेरून करपलेला, मणक्यापाशी कच्चा. घरच्या भाभींनी एक घास खाल्ला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "इसमें मछली कहाँ है?"

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि भाभींकडून चार-दोन गोष्टी शिकलो. हा लेख त्यातूनच आलाय. सुरमई-बांगड्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांची ट्राउटच्या बाबतीत एक ठरावीक चूक होते: आपण मसाल्यात फार मेहनत करतो आणि मसाल्याच्या आधीच्या कामात आळस करतो. ट्राउट बिघडतो तो तव्यात जायच्या आधी. तिथे नीट वागलात तर पुढे मीठ, तेल आणि लिंबू एवढं पुरतं.

आणखी एक. हा मासा मूळचा हिमालयातला नाही. इंग्रजांना गळ टाकायची हौस, म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने आणून काश्मीरच्या नद्यांत वाढवली. कुल्लूच्या बाजूला तो १९०९ मध्ये आला, तोही काश्मीरमार्गेच. त्यामुळे त्याची कुठली हजार वर्षांची पारंपरिक पाककृती शोधत बसू नका. डोंगरातल्या घरांनी आपलं मोहरीचं तेल आणि आपली चटणी त्याला लावली, आणि ते जमून गेलं.

काय काय लागेल

- अरुंद पात्याची धारदार सुरी. विळीची सवय असेल तर ती घरी ठेवा, हा मासा हातात धरून कापायचा असतो.
- एक जुना चमचा, मणक्याला चिकटलेलं रक्त खरवडायला.
- सुती फडकी, निदान दोन. एक ओलं राहणार, एक कोरडं हवं.
- जाड बुडाचा तवा किंवा लोखंडी कढई, मासा आडवा मावेल एवढी. पातळ नॉनस्टिक असेल तर चालेल, पण साल तितकीशी कुरकुरीत होणार नाही.
- पसरट उलथणं. एक असेल तर दुसरं मागून घ्या, उलटताना दोन लागतात.
- जाडं मीठ, मोहरीचं तेल, लिंबू. हिमाचलात गलगल, म्हणजे तिथलं मोठं डोंगरी लिंबू, मिळालं तर साध्या लिंबाला हातसुद्धा लावू नका.
- निखाऱ्यावर करणार असाल तर दुमडती जाळी. फॉइल पिशवीत असू द्या.

१. आधी परवाना आणि मोसम

गळ टाकायचा तर राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या खालचा सोडून द्यायचा, हे परवान्यासोबतच्या नियमांत असतं. ते आधी वाचा, नंतर वाद नको. जाळं चालत नाही, गळ आणि दोरीच. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण ते त्यांचे अंडी घालायचे दिवस. पावसाळ्यात नदी गढूळ आणि अंगावर येणारी असते, म्हणून खरे दिवस दोनच: एप्रिल-मे आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपर्यंत.

ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. शिवाय नदीचा एखादा डोह देवतेचा असतो, तिथले मासे कुणी धरत नाही. मंडी जिल्ह्यात जोगिंदरनगरजवळचं मच्छियाल असंच आहे, तिथे लोक महाशीर माशांना कणकेचे गोळे घालतात. पाटी असेलच असं नाही. गावात एकदा विचारून घ्या.

मासा लागला नाही तर लाजू नका. दरीत ट्राउटची शेततळी आहेत, वाहत्या गार पाण्याची सिमेंटची टाकी. तिथे जिवंत मासा समोर काढून देतात. मी स्वतः निम्म्या वेळा तिथूनच आणलाय. नदीतला बहुतेक ब्राउन असतो, अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. टाक्यांतला रेनबो, कुशीवर गुलाबी पट्टा. काहींचं मांस केशरी दिसतं. तो रंग खाद्यातून येतो, त्यावरून ताजेपणा जोखू नका. टाकीवाल्याला विचारा की कालपासून खाणं घातलंय का. उपाशी ठेवलेल्या माशाचं पोट रिकामं असतं आणि साफ करताना निम्मा त्रास वाचतो.

पहिल्यांदा करताना पाव किलो ते तीनशे ग्रॅमचा मासा घ्या. माणशी एक. किलोचा मासा फोटोत छान दिसतो, तव्यात मावत नाही.

२. मासा हातात आल्यावरची पहिली पाच मिनिटं

ठेवायचा नसेल तर हात ओले करून गळ काढा आणि लगेच पाण्यात सोडा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि मग तो मासा जगणं अवघड होतं.

ठेवायचा असेल तर त्याला दगडांवर तडफडत ठेवू नका. यात दया आहेच, पण स्वयंपाकाचाही हिशोब आहे. तडफडून मेलेला मासा लवकर ताठ होतो आणि मांस मऊ पडतं. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जाड काठीचा एकच नेमका फटका. मग कल्ल्याखाली सुरीने छेद देऊन मिनिटभर वाहत्या पाण्यात धरा, रक्त निघून जाऊ द्या.

नंतर ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत टाकणं ही मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेली चूक. डोंगरातलं ऊन फसवं असतं. हवा गार लागते, पण पिशवीच्या आत मासा उकडत असतो. मोकळी टोपली, खाली ओलं गवत, वरून फडकं. घरमालक तर गवताची पेंडीच बांधतो.

३. साफ करणं

इथे सावकाश वाचा.

खवले काढायचे नाहीत. ट्राउटला खवले असतात, पण इतके बारीक की शिजल्यावर सालीत विरून जातात. पहिल्या दिवशी मी उलट्या सुरीने घासत बसलो होतो, निम्मी साल सोलून निघाली. बुळबुळीत थरही मीठ-हळद लावून चोळून काढायची गरज नाही. आपल्याकडे वाव किंवा शिंगाळा धुताना करतो तसं इथे करायचं नाही. गार पाण्याखाली एकदा हात फिरवला की झालं.

माशाचं पोट वर करून डाव्या हातात धरा. शेपटीच्या बाजूला पोटाखाली मलद्वाराचं छिद्र दिसतं. तिथे सुरीचं टोक घाला, पातं वरच्या बाजूला ठेवा, आणि कल्ल्यांपर्यंत सरळ चीर द्या. टोक फार आत जाऊ देऊ नका, जेमतेम साल आणि पातळ मांस कापलं जाईल एवढंच. आत यकृताला चिकटून पित्ताची छोटी हिरवट पिशवी असते. ती फुटली की जिथे लागेल तिथलं मांस कडू. फुटलीच तर घाबरू नका, पण त्याच क्षणी पाण्याखाली धरा. पाच मिनिटांनी धुवून उपयोग नाही.

आता खालच्या जबड्यामागे, दोन्ही कल्ले जिथे मिळतात तो सांधा कापा. तिथे बोट घालून शेपटीच्या दिशेने ओढलंत की कल्ले आणि आतडी एका झटक्यात बाहेर येतात. पहिल्यांदा येणार नाहीत. दुसऱ्यांदाही अर्धवट येतील. तिसऱ्या माशाला जमतं. गाबोळी निघाली तर ती वेगळी ठेवा, मीठ-तिखट लावून तव्याच्या कडेला परतून खा, पण खरं तर गाबोळीचा मासा पाण्यातच सोडायचा असतो.

शेवटचं आणि बहुतेक जण विसरतात ते काम: मणक्याच्या खालच्या अंगाला, पोटाच्या आत, काळपट लाल पट्टी दिसते. वर पातळ पडदा असतो. सुरीने पडद्यावर उभी रेघ मारा आणि चमच्याच्या टोकाने किंवा अंगठ्याच्या नखाने सगळं खरवडून धुऊन काढा. ट्राउटला "चिखलाचा वास येतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ही पट्टी आत ठेवलेली असते, अशी माझी खात्री आहे. उरलेल्यांनी टाकीतलं पाणी खराब असलेला मासा घेतलेला असतो.

डोकं ठेवा. सालीसकट, डोक्यासकट शिजलेला मासा कोरडा पडत नाही, आणि शिजला की नाही ते डोळाच सांगतो.

आतडी नदीत फेकू नका आणि घरामागेही टाकू नका, रात्रभर कुत्री भांडतात. घरच्यांना विचारून खड्ड्यात पुरा.

४. लगेच की थांबून?

कोकणात शिकवण एकच: जितका ताजा तितका चांगला. ट्राउटला ही शिकवण पुरती लागू होत नाही, आणि माझा पहिला मासा धनुष्य का झाला याचं उत्तर इथे आहे.

मेल्यावर थोड्या वेळाने माशाचे स्नायू आखडतात, अंग लाकडासारखं ताठ होतं. काही तासांनी ते आपोआप सैल पडतं. गार जागी हा ताठरपणा जास्त वेळ टिकतो. आखडलेला किंवा नुकताच मारलेला मासा गरम तव्यात टाकला की स्नायू आणखी ओढले जातात, मासा वाकतो, साल फाटते.

म्हणून दोन मार्ग. सकाळी पकडलेला मासा साफ करून, झाकून, गार जागी ठेवा आणि रात्री करा. चव कमी होत नाही, उलट मांस सुटसुटीत होतं. किंवा दम धरवत नसेल आणि काठावरच खायचा असेल तर तो तव्यात न टाकता उकडा किंवा फॉइलमध्ये करा. तिथे वाकला तरी बिघडत नाही. तवाच हवा असेल तर दोन्ही कुशींवर बोटभर अंतराने तिरक्या चिरा द्या, आणि टाकल्यावर अर्धा मिनिट उलथण्याने दाबून धरा.

५. कोरडा करा, मग मीठ

फडक्याने आतून-बाहेरून टिपा. पोटाची पोकळी विसरू नका. मग जाडं मीठ, बाहेर थोडं, आत जास्त, आणि पंधरा मिनिटं ठेवा. मिठाने पाणी सुटेल, ते पुन्हा टिपा. ओला मासा तव्याला चिकटतो. यावर दुसरा कुठला इलाज नाही. रवा हा इलाज नव्हे, ते लपवणं झालं.

हळद चालते, चिमूटभर. लाल तिखटही चालेल, काश्मिरी असेल तर. पण आलं-लसणाचं ओलं वाटण नको. तव्यात ते माशाच्या आधी जळतं आणि त्या कडवटपणाखाली ट्राउटची नाजूक चव जाते. आगळाचं तेच. समुद्राच्या मासळीला आंबट लागतं, तिचा वास आणि तेल त्याच्याशी झगडतात. ट्राउटमध्ये झगडायला फारसं कुणी नाही. बांगड्याच्या आमटीत घालतो ती त्रिफळं तर नेऊच नका. मी नेली होती.

६. तव्यावर, मोहरीच्या तेलात

हीच मुख्य पद्धत. बाकी हौस.

तव्यात तीन-चार चमचे मोहरीचं तेल घाला आणि धूर येईपर्यंत तापवा. मग गॅस बंद किंवा तवा चुलीवरून खाली. मिनिटभराने पुन्हा मध्यम आंचेवर. धूर निघाला नाही तर तेलाचा कच्चा झणका माशात उतरतो. धूर निघत असताना मासा टाकला तर साल काळी आणि आत कच्चा. ज्यांना मोहरीचं तेल सोसत नाही त्यांनी साधं तेल घ्यावं, शेवटी थोडं लोणी.

कोरड्या माशाला हवं तर तांदळाचं किंवा मक्याचं पीठ भुरभुरवून झटका. थर नको, नुसता हात फिरल्यासारखं. मासा शेपटी धरून आपल्यापासून लांबच्या दिशेने तव्यात निजवा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही.

आता हात मागे. चार ते पाच मिनिटं त्याला हलवायचं नाही. नवशिक्याचा हात इथे शिवशिवतो, कड उचलून बघावीशी वाटते, आणि तिथेच साल तव्याला राहते. साल नीट भाजली की मासा स्वतःच तवा सोडतो. तवा हलकेच हलवा. मासा सरकला तर उलटायची वेळ झाली. सरकला नाही तर अजून एक मिनिट. उलटताना एक उलथणं खालून, दुसरं पाठीवर. दुसरी बाजू तीन-चार मिनिटं. शेवटच्या मिनिटाला कडेचं गरम तेल चमच्याने डोक्याजवळच्या जाड भागावर घालत राहा.

शिजला का, हे तीन खुणांवरून कळतं. डोळा पांढरा होऊन फुगतो. पाठीवरचा पंख ओढला की सहज निघून हातात येतो. आणि डोक्यामागे जाड भागात सुरीचं टोक घातलं तर मांस मणक्यापासून सुटतं, पारदर्शक राहिलेलं दिसत नाही. पंखाची खूण माझी आवडती, कारण मासा न फोडता कळतं. नदीचा मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नका, त्यात परजीवी असू शकतात. पण पंख निघाल्यावर "आणखी दोन मिनिटं असू दे" हेही नको. ट्राउटचं मांस तेवढ्यात कापसासारखं होतं.

ताटात काढल्यावर गलगल पिळा. भाभी सोबत पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि अनारदाण्याची पाट्यावर वाटलेली चटणी देतात. चटणी बाजूला, माशावर नाही. बरोबर लाल तांदळाचा भात. सिड्डू, म्हणजे तिथली वाफवलेली भरली रोटी, असेल तर तो तूप घालून आधी खाऊन घ्या, माशाबरोबर त्याची गल्लत नको. यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

७. निखाऱ्यावर

ही पद्धत फोटोंमुळे सगळ्यांना हवी असते आणि सगळ्यांत जास्त फसते.

ज्वाळेवर नाही, निखाऱ्यावर. लाकूड पेटवल्यापासून निदान पाऊण तास जातो, तेवढी भूक आवरायला काहीतरी सोबत ठेवा. लाकूड कोणतं, हे फार महत्त्वाचं. चीड, कैल, देवदार यांत राळ असते. त्यांचा धूर माशाला टर्पेंटाइनसारखा कडू वास देतो. कुल्लूच्या बाजूला सफरचंदाच्या बागा छाटल्यावर फांद्यांचे ढीग पडलेले असतात, त्या मागून घ्या. बानचं, म्हणजे डोंगरी ओकचं, लाकूडही उत्तम. शेकोटी जिथे घरचे सांगतील तिथेच, जंगलात नाही. मे महिन्यात चिडाची वाळलेली पानं एका ठिणगीने पेटतात.

आणि नदीतले ओले दगड चुलीला लावू नका. आत मुरलेलं पाणी तापून वाफ होते आणि दगड फुटतो. माझ्यासमोर एक फुटलाय, कुणाला लागलं नाही हे नशीब. कोरडे, काठापासून लांबचे दगड घ्या.

निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की तळहात वीतभर वर धरा. तीन-चार सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर आंच बरोबर. जाळीला आणि माशालाही तेल लावा, पोटात लिंबाची चकती आणि कोथिंबिरीच्या काड्या भरा, जाळी बंद करा. एका बाजूने पाच-सहा मिनिटं, मग जाळीच उलटा. दुमडती जाळी नसेल तर हा प्रकार करूच नका. मोकळ्या जाळीवर उलटताना निम्मा मासा निखाऱ्यात जातो, आणि उरलेला निम्मा वाटून घ्यायला सहा जण असतात.

८. फॉइलमध्ये, किंवा केळीच्या पानात

चूक होणं जवळपास अशक्य. नवख्याने पहिला मासा असाच करावा असं मी आता सांगतो.

फॉइलवर थोडं लोणी, त्यावर कांद्याच्या पातळ चकत्या, त्यावर मीठ लावलेला मासा, पोटात लसणाची ठेचलेली पाकळी आणि कोथिंबीर. वरून पुन्हा लोण्याची गोळी. सैल गुंडाळा, आत वाफेला जागा हवी, पण कडा घट्ट मुडपा. निखाऱ्याच्या कडेला बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. उघडताना तोंड लांब ठेवा.

पुण्या-मुंबईत बर्फातला ट्राउट मिळाला तर मी तो केळीच्या पानात करतो, तव्यावर झाकण ठेवून. इथे मात्र थोडं हिरवं वाटण चालतं, ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची, लिंबू, कारण पानात ते जळत नाही. बर्फातला मासा घेताना कल्ले उघडून बघा, लाल हवेत, तपकिरी नकोत. एकदा घाईत न बघता घेतला, घरी येऊन उघडला तर पोटाच्या बरगड्या मांसातून सुटून वर आल्या होत्या. तो मासा मांजरानेही नाकारला.

९. उकडून

काठावर, भांडं एकच, तेल नाही, तरी करता येतं. पसरट भांड्यात मासा बुडेल एवढं पाणी, त्यात मीठ, कांदा, चार मिरे, एक तमालपत्र आणि दोन चमचे व्हिनेगर. पाणी उकळलं की आंच अगदी कमी करा. खदखदत्या पाण्यात मासा टाकला तर साल फाटून लगदा होतो. पाणी नुसतं थरथरत असावं. आठ ते दहा मिनिटं.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात याच पद्धतीचा एक नावाजलेला प्रकार आहे, फोरेले ब्लाउ, म्हणजे निळा ट्राउट. माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीत थर शाबूत असेल आणि त्यावर व्हिनेगर पडलं तर शिजताना साल खरोखर निळसर होते. म्हणून तिथे मासा हाताळतातसुद्धा जपून. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जिवंत ट्राउट विकणाऱ्याकडून आणून एकदा करून बघावा. चोळून धुतलेल्या माशाला हा रंग येत नाही, आणि आपल्या आज्यांनी तो आधी पिठाने चोळला असता.

डोकी आणि काटे उरले तर टाकू नका. पाण्यात कांदा, मिरची घालून पंधरा मिनिटं उकळा, गाळा, त्यात दोन आमसुलं आणि कोथिंबीर. एवढ्यापुरती कोकणाला परवानगी आहे. गरम भातावर हे सार घेतलं की दिवसभर नदीत उभं राहिलेल्या पायांना बरं वाटतं.

१०. काटे

पापलेटासारखा सोपा नाही, हिलशासारखा अवघडही नाही. शिजलेल्या माशाच्या पाठीवर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, चमच्याच्या कडेने रेघ ओढा. वरची कुशी मणक्यापासून दोन्हीकडे हलकेच सारा, ती अख्खी निघते. मग शेपटी धरून वर उचला. मणका, बरगड्या आणि डोकं एकत्र सुटून येतं, खालची कुशी ताटात राहते. उचलताना अडकलं तर मासा अजून शिजायचाय. पुन्हा तव्यावर, एक मिनिट.

डोक्याकडच्या अर्ध्या भागात केसासारखे बारीक काटे राहतात, ते बोटांनी चाचपून काढा. लहान मुलांना शेपटीकडचा भाग द्या, तिथे जवळजवळ नसतात. गालाचं मांस काढायला विसरू नका, दोन्ही बाजूंना मिळून एक चमचाभर असतं आणि ते शिजवणाऱ्याचं.

उरलेला मासा हवा लागू न देता झाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करू नका, कोरडा पडतो. मी तो कुस्करून त्यात कच्चा कांदा, मिरची, लिंबू घालतो आणि सकाळी मक्याच्या रोटीत गुंडाळून खिशात टाकतो. जालोडी जोतच्या (खिंडीच्या) वाटेवर, पहिल्या चढानंतर, तो फार वेळ खिशात राहत नाही.